गार पाण्याने शिरा फुटत नाहीत, नाना

नानांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला तेव्हा मी सोडून दिलं होतं. असे दिवसाला दहा येतात. पण परवा केळीच्या बागेतून भर दुपारी एक मजूर बाई ओट्यावर आली, ओठ वाळलेले, आणि आई तिला म्हणाली, "थांब, लगेच पाणी पिऊ नको. पायावर तर घेऊच नको, शिरा फुटतात." बिचारी माठाशेजारी अर्धा तास तशीच बसून राहिली. म्हणून आता लिहितोय.

मेसेजमध्ये तीन गोष्टी आहेत. पारा ३८ च्या वर गेला की गार पाण्याने बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून ऊन लागलेल्या माणसावर पाणी टाकू नका, अर्धा तास थांबा. खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही. आणि ४५ खान्देशाला नवं नाही, आपल्याला सवय आहे, हा सगळा टीव्हीवाल्यांचा बागुलबुवा. खाली सही 'एका प्रसिद्ध डॉक्टरांची'. नाव नाही, गाव नाही.

आधी कांदा उरकतो. खिशातला कांदा खिशाला वास देतो, यापलीकडे काही करत नाही. भाकरीसोबत खाल्ला तर पोटात थोडं पाणी जातं, एवढाच त्याचा गुण. हां, एक कबूल करतो. आमचे आजोबा कांदा विसरत नसत, आणि ज्याला कांदा आठवतो त्याला डोक्याचा रुमाल आणि पाण्याची बाटलीही आठवते. श्रेय मात्र कांदाच घेऊन जातो.

आता त्या शिरा. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाचं लग्न होतं, चोपड्याजवळ, मे महिन्यात. आचाऱ्याच्या हाताखालचा एक पोरगा सकाळपासून बट्ट्या तळायच्या कढईपुढे उभा होता, वर पत्र्याचं शेड. बाराच्या सुमारास तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. कुणी म्हणालं, प्यालाय. मग तो कोसळला. एकाने बादली उचलली तर तिघे आडवे आले: पाणी टाकू नका, शीर फुटेल! त्यातल्या एकाने चक्क मोबाईल काढून हाच मेसेज दाखवला. पाच-सात मिनिटं वाद चालला, पोरगा खाली पडलेला. शेवटी माझ्या मोठ्या काकूने "सरका रे" म्हणत बादली त्याच्या अंगावर रिकामी केली, आणि जारमधला बर्फ फडक्यात बांधून त्याच्या काखेत, मानेला लावला. गाडीत घालेपर्यंत तो डोळे उघडून बघायला लागला होता. दवाखान्यात दोन दिवस राहिला, वाचला. काकू चौथी शिकलेली आहे आणि तिच्याकडे साधा फोन आहे, हेही सांगून ठेवतो.

ऊन लागणं जेव्हा उष्माघातापर्यंत जातं तेव्हा शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो. माणूस बरळतो, ओळखत नाही, झटके येतात, बेशुद्ध होतो. त्या वेळी औषध एकच, अंग थंड करणं, तेही जमेल तितक्या लवकर. कष्टाच्या कामात उष्माघात झाला तर जगभरचे डॉक्टर माणसाला बर्फाच्या पाण्यात बुडवतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवायला धडपडतात. मेसेज नेमका तोच अर्धा तास थांबा म्हणतो. मला चीड आहे ती याची. तापाची गोळीही इथे चालत नाही, कारण हा ताप तसला नसतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला, १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात मात्र पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

यात अर्धं खरं काय? गार पाण्याने कातडीजवळच्या वाहिन्या आकसतात. आकसतात, फुटत नाहीत. हृदयाच्या म्हाताऱ्या पेशंटने उन्हातून आल्या आल्या बर्फाच्या पाण्याने आंघोळ करू नये, हेही ठीक. घटाघटा बर्फाचं पाणी प्यालं तर कपाळ ठणकतं. झालं. माठाच्या पाण्यात भ्यायचं काय आहे?

राहिली सवय. "काही व्हत नही भो," असं म्हणणारे आपण सगळेच. सवय असते, खोटं नाही. आठ-पंधरा दिवस उन्हात काम केलं की शरीर लवकर घाम काढायला शिकतं, घामातून मीठ कमी घालवतं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याहून आलेल्या पोरांना ती नसते, कारण काही आठवडे उन्हापासून लांब राहिलं की ती जाते. आणि घामासाठी पाणी लागतं, तेच तर तुम्ही अर्धा तास लांबवताय.

४५ चं कौतुक करणाऱ्यांनी अहमदाबाद बघावं. आपल्याइतकंच तापणारं, सवयीचं गाव. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला. नंतर अभ्यासकांनी २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिलं तर त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त निघाले, म्हणजे ४३ टक्के वाढ. यातल्या बहुतेकांच्या कागदावर उष्माघात लिहिलेलाच नव्हता. म्हणूनच "आमच्या गावात उन्हाने कोण मेलं?" या प्रश्नाला काही अर्थ नाही. त्या शहराने २०१३ मध्ये उन्हाचा आराखडा केला, बागुलबुवा म्हणून नाही. आणि ३८ ला हसणाऱ्यांसाठी नवी मुंबईतल्या खारघरचा पुरस्कार सोहळा, एप्रिल २०२३: पारा ३८ च्या आसपास, उघडं मैदान, दमट हवा, १४ जीव गेले.

पूर्वीही तापायचं, बरोबर. पण पूर्वी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं, हातभर जाड मातीच्या भिंती, रात्री धाब्यावर अंथरूण. आता सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो, आणि रात्री शरीर निवलं नाही की दुसरा दिवस अंगावर येतो. केळीला झळ लागू नये म्हणून आपण बागेभोवती शेवरी लावतो. फळपीक विम्यात जास्त तापमानाची भरपाई असते, तेव्हा एकेका अंशासाठी भांडतो. तिथे कुणी म्हणत नाही की खान्देशातल्या केळीला सवय आहे!

काल नानांना फोनवर हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "बरं, पण कांदा ठेवायला काय जातं?" काही जात नाही, नाना, ठेवा. फक्त पत्रिकेवर पोरीच्या लग्नाची वेळ दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं छापायला दिलीय, ती आधी संध्याकाळची करा.