फुटाला इंच म्हणजे बारा अंश नव्हे

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय: 'व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधताय? आधी हे वाचा.' त्यातले दावे थोडक्यात असे. १:१२ म्हणजे १२ अंश. मोबाइलचं लेव्हल ॲप जमिनीवर ठेवलं की मोजणी झाली. वरचं आणि खालचं टोक मोजलं की मधलं बघायची गरज नाही. टेप उतारावरून धरला तर सगळा हिशेब चुकतो. आडवा ढाळ, म्हणजे वाटेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे दिलेला उतार, हा फक्त पाण्याचा प्रश्न, भरपूर द्या. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला दिसतो. पण आवारं आणि बागा आखणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या मेसेजवरून बांधलेले रॅम्प नंतर फोडावे लागतात.

सगळ्यात घातक दावा पहिलाच. १:१२ म्हणजे एक इंच चढायला बारा इंच आडवं अंतर. आपले गवंडी सरळ 'फुटाला इंच' म्हणतात, आणि तेच अचूक आहे. टक्क्यांत सांगायचं तर ८.३३, अंशांत ४.७६. पाच अंशसुद्धा नाहीत! बारा अंशांचा उतार २१ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे पावणेपाच इंचांतच एक इंच चढ. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता घ्या किंवा केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना घ्या, व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ पेक्षा तीव्र उतार चालत नाही.

दीड फूट उंच जोत्याला फुटाला इंच धरला तर रॅम्प अठरा फुटांचा होतो. बारा अंशांनी तो सात फुटांत उरकतो, म्हणून तर हा मेसेज कमिटीला आवडतो. माणूस आणि खुर्ची मिळून शंभर किलो धरा. १:१२ वर खुर्चीला मागे ओढणारा जोर साधारण आठ किलोचा असतो, बारा अंशांवर तो एकवीस किलोच्या घरात जातो. असा एक सात फुटी रॅम्प मी पाहिलाय. आजींना खाली आणताना वॉचमन स्वतः खालच्या बाजूला उभा राहून, खुर्ची उलटी धरून, एकेक पाऊल मागे टाकत होता. पुढच्या भेटीत त्या रॅम्पवर तुळशीच्या कुंड्या होत्या.

मेसेजमध्ये एक त्रैराशिकही आहे: ९० अंश म्हणजे १०० टक्के, म्हणून १२ अंश म्हणजे १३ टक्के. जेवढं आडवं तेवढंच उभं असेल तेव्हा १०० टक्के होतात, आणि तो कोन ४५ अंशांचा. उभ्या भिंतीला आडवं अंतरच नसतं, तिची टक्केवारी काढणार कशी?

आता मोबाइल. बरीच ॲप पूर्ण अंशच दाखवतात. पडद्यावर '५' दिसलं तर खरा उतार साडेचार ते साडेपाच अंशांत कुठेही असू शकतो, म्हणजे ७.९ ते ९.६ टक्के. मर्यादा ८.३३ ची, त्यामुळे पास की नापास तेच कळत नाही. शिवाय मागचा कॅमेरा दोन मिलिमीटर वर आलेला असेल तर पंधरा सेंटिमीटरच्या फोनला सव्वा टक्क्याहून जास्त उतार तिथेच मिळतो. त्यापेक्षा दोन फुटी पाणसळ, म्हणजे गवंड्याची बुडबुड्याची लेव्हलपट्टी, घ्या. ती रॅम्पवर चढाच्या दिशेने ठेवा, खालचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला आणि टोकाखालची फट मोजा. दोन इंचांपेक्षा जास्त भरली तर तिथला उतार जास्त आहे. मग पाणसळ उलटी फिरवून पुन्हा मोजा. दोन फटी वेगळ्या आल्या तर पाणसळच खोटी, दोन्हींची सरासरी धरा.

आणि हे दर दोन फुटांवर करा, कारण टोकं फसवतात. अठरा फुटांत अठरा इंच चढ, हिशेब चोख. पण पहिल्या बारा फुटांत आठच इंच चढले असतील तर उरलेल्या सहा फुटांत दहा इंच येतात, म्हणजे जवळपास १४ टक्के. माणूस अडकतो तो तिथे, दारापाशी.

टेपचा दावा तत्त्वतः बरोबर, व्यवहारात फुकटचा. अठरा फुटी रॅम्पवर उतारावरून मोजलेली लांबी आणि आडवं अंतर यांत फरक पडतो पाऊण इंचाचा.

आडव्या ढाळाकडे मात्र कुणी बघतच नाही. वाट एका बाजूला कललेली असली की खुर्ची सारखी उताराकडे वळते आणि खालच्या बाजूच्या हाताला एकट्याने ती सरळ ठेवावी लागते. सपाट दिसणाऱ्या वाटेवरही हात भरून येतो. अमेरिकेच्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखालच्या २०१० च्या मानकांत आडव्या उताराची मर्यादा १:४८ आहे. फुटाला पाव इंच, गवंड्याच्या भाषेत दोन सूत. चार फूट रुंद वाटेच्या दोन कडांत एकच इंच. बागेत वाट वळते तिथे जास्त जपावं लागतं, कारण सरळ चालताना जो चढ होता तोच वळल्यावर आडवा होतो. तिथे आधी सपाट जागा द्यायची, मग वळायचं.

दोन सुतांनी पाणी जाईल का, हा प्रश्न कोकणातले लोक हमखास विचारतात. जातं. मी पाहिलेल्या बहुतेक वाटांवर पाणी साचून शेवाळ धरलं होतं ते खाली बसलेल्या एखाद्या फरशीपाशी, आणि ती फरशी उचलून पुन्हा बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.