बॅटरी धरलीये म्हणजे मी रिकामी नाहीये

मागून कुणी जीव तोडून "डावीकडे, अरे डावीकडे!" ओरडतंय आणि तुला ते ऐकायचंच नाहीये, तर दोघांचा गेम लावतोस कशाला? एकटा खेळ ना! एकट्याने खेळायचे हॉरर गेम ढिगाने पडलेत. खोलीचं दार लाव, हेडफोन घाल आणि झाड काय गोळ्या झाडायच्यात त्या. पण मला सोफ्यावर बोलवायचं, हातात दुसरा कंट्रोलर द्यायचा आणि मग मी तिथे नाहीच असं समजून खेळायचं, हे आता बास झालं. माझं डोकं फिरलंय आणि आज मी सगळं बोलणार आहे.

आम्ही ठाण्यात राहतो, घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. नवरा ऐरोलीला कामाला, मी परळला. तो ट्रान्स-हार्बरने येतो, मी सेंट्रलने, आणि स्टेशनपासून घरापर्यंत दोघांच्याही नशिबी तोच ट्रॅफिक. आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे "दूध आणलंस का" आणि "गॅसवाला येऊन गेला का". शनिवारी रात्री सासूबाई झोपल्या की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसतो. ती वेळ मी राखून ठेवते. माहेरून फोन आला तरी "उद्या करते" म्हणून ठेवते. त्यामुळे कुणी मला "जाऊ दे गं, गेमच तर आहे" असं म्हणू नका. आठवड्यात आम्हाला एकमेकांचे म्हणून मिळणारे जे काही तास आहेत, ते हेच आहेत.

घरात टीव्ही एक, कन्सोल एक. हल्लीचे दोघा-चौघांनी मिळून खेळायचे हॉरर गेम बघा. फास्मोफोबिया, लेथल कंपनी, आउटलास्ट ट्रायल्स, सगळं ऑनलाइन. प्रत्येकाचं मशीन वेगळं, प्रत्येकाने विकत घ्यायची कॉपी वेगळी. एका घरातल्या दोन माणसांना एकाच सोफ्यावर बसून घाबरायचं असेल तर जुने गेम शोधावे लागतात. आम्ही आधी २००९चा रेसिडेंट एव्हिल ५ खेळलो, मग त्याच मालिकेतला २०१५चा रेव्हलेशन्स २. या दुसऱ्याच्या पीसी आवृत्तीत सुरुवातीला एका पडद्यावर दोघांनी खेळायची सोय नव्हती. लोकांनी बोंब ठोकली, तेव्हा ती आली. शेजारी बसून खेळता यावं म्हणून माणसं भांडलीयेत, आणि आमच्याकडे शेजारी बसलेला माणूस मांडीवर मोबाइल ठेवून क्रिकेटचा स्कोअर बघतो!

रेव्हलेशन्स २ ज्यांनी खेळला नाही त्यांना एवढंच सांगते की त्यात दोन जोड्या आहेत. एक क्लेअर आणि मोयरा. दुसरी मोयराचे वडील बॅरी आणि नटालिया नावाची एक लहान मुलगी. दोन्ही जोड्यांत बंदुका एकाकडेच. मोयराकडे बॅटरी आणि कटावणी, नटालियाकडे फार तर उचलून फेकायला वीट. आमच्याकडे कोण क्लेअर आणि कोण मोयरा हे कुणी कुणाला विचारलंच नाही. त्याने पहिला कंट्रोलर उचलला आणि मला म्हणाला, "तू फक्त बॅटरी धर."

फक्त!

अरे, गोष्ट घडते त्या बेटावर हातभर पुढचं दिसत नाही. मोयराने बॅटरीचा झोत एकवटून तोंडावर मारला की समोरचा डोळे दिपून झोकांड्या खातो. त्याच क्षणी क्लेअरने पुढे होऊन त्याला लोळवायचं. गोळी वाचते. सर्व्हायव्हल हॉरर म्हणजे तेच तर असतं, गोळ्या कधीच पुरणार नाहीत आणि तरी निभवायचं. कोपऱ्यात काहीतरी नुसतं चमकतं, त्यावर बॅटरी धरून ठेवली तरच ती वस्तू हाताला लागते. फळ्या ठोकून बंद केलेली दारं कटावणीने मोयराच उघडते. म्हणजे साहेब ज्या गोळ्या भिंतींवर उधळतात, त्यातल्या कितीतरी मी अंधारात डोळे ताणून शोधून दिलेल्या असतात.

लहानपणी फ्यूज उडाला की बाबा स्टुलावर चढायचे आणि खाली मी बॅटरी धरून उभी राहायचे. हात जरा हलला की ओरडायचे, कारण उजेड हलला तर आपलं बोट कुठे जाईल हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी एकदाही मला "फक्त" म्हटलं नाही.

तर मागच्या शनिवारचं ऐका. बोळ अरुंद, पलीकडून एक जण धावत येतोय. मी झोत मारला, नेमका तोंडावर. तो डोळ्यांवर हात घेऊन तिथेच थबकला. झालं, माझं काम चोख झालंय, आता क्लेअरने दोन पावलं पुढे यायचंय. माझ्या अर्ध्या पडद्यावर ते सडकं तोंड. आणि त्याच्या अर्ध्या पडद्यावर? जिना. साहेब मला सोडून वरच्या मजल्यावर पोहोचलेत. मी कटावणी फिरवतेय, हर्ब, म्हणजे जखमा भरून काढणारी पाला-औषधं, सगळी त्याच्याकडे, कारण "माझ्याकडे असू देत, लागतील." आणि वरून मलाच, "अगं ये ना, किती मागे राहतेस!"

मी मागे राहिले नव्हते. मी जिथे असायला हवं तिथे होते. पुढे पळालेला तो होता. आणि पळून जाणार कुठे? बऱ्याच दारांपाशी दोघं आल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दोघांपैकी एक मेला की दोघांचाही खेळ संपतो आणि चेकपॉइंटपासून पुन्हा सगळं सुरू. एवढं स्पष्ट करून ठेवलेलं असताना ज्याला कळत नाही, त्याला काय म्हणायचं?

बॅरी आणि नटालियाच्या भागात तर माझा घसाच बसतो. त्यात ग्लास्प नावाचा एक उडणारा किडा आहे. तो बॅरीला दिसत नाही. नटालियाला जाणवतो, ती बोट करून दाखवते, आणि बॅरीने त्या रोखाने नेम धरायचा. त्याने एकदा पकडलं की संपलं, तिथे हर्बचाही उपयोग नाही. कुणीतरी किती विचार करून ही जागा रचली असेल! एकाकडे बंदूक आहे पण दिसत नाही, दुसरीला दिसतं पण बंदूक नाही. दोघांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय सुटकाच नाही. मला तो प्रकार इतका आवडला की मी सोफ्यावरून पुढे सरकून अगदी कडेला आले. मी बोट दाखवतेय, तोंडाने सांगतेय, "डावीकडे... खाली... अजून खाली... आता!" आणि हा माणूस उजवीकडे फिरून रिकाम्या हवेत गोळ्या घालतोय. "मला वाटलं इकडे आहे." तुला वाटलं? तुला ते दिसूच शकत नाही! दिसणारी मी आहे! पुन्हा चेकपॉइंट. पुन्हा तेच. शेवटी मी आवाज चढवला तर म्हणे, "हळू, आई उठेल."

रेसिडेंट एव्हिल ५ एकट्याने खेळलं तर त्यातल्या जोडीदारणीला, शेवाला, मशीन चालवतं, आणि ती गोळ्या-हर्ब कशा वाया घालवते यावर लोक कित्येक वर्षं कडाकडा बोलत आलेत. नवराही त्यातलाच. त्यावर तो मित्रांसमोर तावातावाने बोलतो. मला त्याला ओरडून सांगायचंय की मशीनला निदान मी हाक मारली की ते माझ्याकडे येतं!

ट्यूबलाइट चालू ठेवून हॉरर खेळणं, गोष्ट पुढे सरकत असताना मध्येच "त्या दुरुस्तीवाल्याला फोन केलास का?" विचारणं, यावर लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही, म्हणून सोडते. पण एक गोष्ट सोडणार नाही. परवा त्याचे मित्र जेवायला आले होते. गेमचा विषय निघाला. हा पोळी मोडता मोडता म्हणाला, "ही फार घाबरते रे, म्हणून मीच पुढे राहतो." मी वाढत होते. तशीच उभी राहिले.

हो, घाबरते मी. घाबरायलाच बसते. त्या गेममध्ये क्लेअर आणि मोयराच्या हातात कडं अडकवलेलं असतं, माणूस जसजसा घाबरेल तसा त्याचा रंग हिरव्याचा केशरी, केशरीचा लाल होतो. अख्खी गोष्ट भीतीवर उभी आहे. अंधाऱ्या खोलीत शिरताना माझ्या पोटात खड्डा पडतो आणि तरी मी झोत हलू देत नाही, याला घाबरट म्हणत नाहीत. ज्याला आजूबाजूचं काही जाणवतच नाही, कारण त्याचं लक्ष अर्धं मोबाइलवर आणि अर्धं पुढच्या दाराकडे असतं, तो शूर कसा काय? आणि पुढे राहायचं कारण मी घाबरते हे आहे, असं चारचौघांत सांगताना जीभ कशी वळली?

आता मूळ मुद्दा, ज्यामुळे मी आज हे लिहितेय. ज्यांना शेवट कळून घ्यायचा नाही त्यांनी इथे थांबा.

मोयरा बंदुकीला हात का लावत नाही? कारण लहानपणी तिच्या हातून चुकून बंदूक सुटली आणि धाकट्या बहिणीला गोळी लागली. त्यावरून वडिलांशी बिनसलं. हे ओझं घेऊन ती सबंध गोष्टीत बॅटरी धरून चालते. गेमच्या चार भागांपैकी तिसऱ्याच्या शेवटी नील, क्लेअरचा फितूर निघालेला बॉस, अंगावर येतो, क्लेअरला धरतो, पिस्तूल पडलेलं असतं. त्या क्षणी मोयराने ते उचलून नीलला मारलं तर गेमचा शेवट चांगला होतो. क्लेअरनेच कसंबसं पिस्तूल गाठून मारलं तर वाईट. सबंध गेमभर जिच्या हातात बॅटरी आहे, तिच्यासाठी ही एक जागा राखून ठेवलेली आहे.

मला ते माहीत नव्हतं, पण समजायला कितीसा वेळ लागतो? पिस्तूल दिसलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "थांब, हे माझं आहे, मला घेऊ दे." तो बटण बडवतोय. "अरे सोड बटण, मोयराला उचलू दे!" बडवतोच आहे. क्लेअरने पिस्तूल गाठलं, गोळी झाडली, आणि हा दोन्ही हात वर करून, "मारला!"

मारला. चौथ्या भागानंतर वाईट शेवट आमच्या पदरात पडला आणि साहेब म्हणाले, "बोगस एन्डिंग आहे." कंट्रोलर ठेवला, पाणी प्यायला, झोपायला गेला. मी तशीच बसून शेवट असा का झाला ते शोधलं, आणि कारण वाचलं तेव्हा संताप संताप झाला. सकाळी त्याला सांगितलं तर म्हणतो, "अच्छा? मग यूट्यूबवर बघून टाक ना चांगला शेवट."

यूट्यूबवर! मी तो भाग खेळले, तो झोत मी धरला, आणि माझं पिस्तूल दुसऱ्या कुणीतरी उचललेलं मी यूट्यूबवर बघू?

नाही बघणार. या शनिवारी तिसरा भाग पुन्हा लागणार आहे. ट्यूबलाइट बंद, त्याचा मोबाइल बेडरूममध्ये चार्जिंगला. हर्ब निम्मे माझ्याकडे. मी डावीकडे म्हटलं की डावीकडे. आणि नील क्लेअरला धरेल तेव्हा त्याने कंट्रोलर टीपॉयवर ठेवायचा आणि हात मागे घ्यायचे. हे मान्य नसेल तर त्याने सरळ एकट्याचा गेम लावावा, मी परळहून येताना पुस्तक घेऊन येते.