म्हणे, दोन दिवस उपाशी ठेवलं की पोर वळणावर येते!

थंडी पडली की आमच्या जळगावकडे मळ्यात भरीत-पुरीच्या पार्ट्या सुरू होतात. या वर्षी सोबत व्हॉट्सॲपवर एक मेसेजही फिरतोय: ‘जेवून मुद्दाम ओकणाऱ्या पोरांना पित्त तरी असतं नाहीतर नखरे. हा शहरातल्या काडीपैलवान मुलींचा आजार. दोन दिवस उपाशी ठेवा, वळणावर येतात. अशक्तपणाला केळी द्या.’

पित्ताने उलटी होते. इथे ती लपून केली जाते. ताबा सुटल्यासारखं भराभर खायचं, मग वजनाच्या धास्तीने ओकून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा कडक उपास करून ‘भरपाई’ करायची. सरासरी आठवड्यातून एकदा, असं तीन महिने चाललं की निदान होतं बुलिमियाचं. जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञाने १९७९मध्ये तो वेगळा आजार म्हणून मांडला. नखरे कोणी असे चोरून करतं का?

काडीपैलवान? बहुतेकांचं वजन चारचौघांसारखं असतं, कधी जास्तही. म्हणून तर घरच्यांच्या लक्षात येत नाही. मुलगेही यात सापडतात. ताट उचलताच नळ सोडून बाथरूममध्ये बसणं, कानाखाली सुजलेले गाल, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, झिजलेले दात, डब्यातून गायब होणारं फरसाण, याकडे बघा.

उपाशी ठेवण्याचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. उपाशीपोटीच तर ताबा सुटतो! संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही, मग रात्री एकदम खाणं, मग ओकणं, मग लाजेने पुन्हा उपास. उपचाराची सुरुवातच मुळी वेळेवरच्या जेवणापासून होते: तीन जेवणं, मध्ये थोडं खाणं. मुलांसाठी कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार किंवा विचार-वर्तन उपचार वापरतात. आईवडील जेवायला सोबत बसतात, नंतर तासभर गप्पा, पत्ते, काहीही करून पोराला एकटं सोडत नाहीत. आणि ‘अजून एक पुरी? आधीच गुबगुबीत!’ म्हणणाऱ्या मावशीला गप्प करणं हेही त्यांचंच काम.

केळीचं म्हणाल तर आमच्याइतका अभिमान कोणाला असणार? पण उलट्यांनी पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते रक्त तपासूनच कळतं, घडावरून नाही. उलटीनंतर लगेच ब्रशही नको, आम्लाने दात मऊ झालेले असतात. नुसती चूळ भरावी. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. पण पोर चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा उलटीत रक्त दिसलं तर फोनवर बोलत बसू नका, तशीच गाडी काढून दवाखाना गाठा.