तो प्यायलेला नसतो
नशेसाठी व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या पोरांच्या मेंदूतलं नुकसान एमआरआयमध्ये दिसतं, हे एका लेखात वाचलं आणि सांगलीतल्या आमच्या गल्लीतला असाच एक पोरगा डोळ्यांसमोर आला. विशीही ओलांडली नाही, पण शर्टाचं बटण लावताना बोटं थरथरतात, चालताना भिंत धरतो. लोक म्हणतात, प्यायलाय. प्यायलेला नसतो हो तो! अशा सोल्युशनमधलं टोल्युइन हे रसायन चरबीत विरघळतं, आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण बरंचसं चरबीचंच. वर्षानुवर्षं हुंगलं की तेच खराब होतं. लहान मेंदूला मार बसला की तोल जातो. त्याची आई अजून अंगारे-धुपारे करतेय. मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे चला, म्हणून मी मागे लागलोय. दुकानदारांनो, शाळकरी पोराला सोल्युशनच्या चार-चार ट्यूबा कशाला लागतात, एवढं तरी विचारा.