चहा महाग नव्हे, स्वस्त झाला होता!

‘कर वाढल्याने चहा महागला आणि चिडलेल्या बॉस्टनकरांनी आसामचा चहा समुद्रात फेकला’ हे अमेरिकेतल्या ‘बॉस्टन टी पार्टी’वरच्या लेखातलं वाक्य दोन्हीकडून चुकलंय. १७७३च्या टी ॲक्टने, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटच्या चहा कायद्याने, ईस्ट इंडिया कंपनीला लंडनच्या व्यापाऱ्यांना वगळून थेट अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत चहा विकायची मुभा दिली, त्यामुळे तो उलट स्वस्त होणार होता. पौंडभर चहामागे ३ पेन्सचा कर मात्र जुनाच, १७६७चा, तसाच ठेवला होता. खरी खोच तिथे होती: स्वस्ताईच्या मोहाने चहा घेतला की लंडनच्या पार्लमेंटचा कर लावायचा हक्क आपसूक मान्य. आणि डच चहा चोरून आणून विकणाऱ्यांचंही त्यात दिवाळं निघणार होतं, हे देशभक्तीच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

आता आसाम. तिथल्या चहाचा इंग्रजांना पत्ता लागला १८२३च्या सुमारास. बॉस्टनच्या समुद्रात फेकलेल्या त्या ३४२ पेट्यांतला सगळा माल चीनचा होता; बराचसा बोही नावाचा काळा चहा, थोडा हिरवासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर चहाचे ढीग तरंगत होते, तेव्हा कुणी वाचवून नेऊ नये म्हणून लोकांनी होड्या काढून वल्ह्यांनी तो झोडपून बुडवला. शाळेत ‘बॉस्टन टी पार्टी’ ऐकून मला वाटायचं, तह झाल्यावर सगळे चहा प्यायला बसले असतील. बाईंनीही कधी ‘कर वाढला’च्या पुढे काही सांगितलं नाही. तेच वाक्य आज इथे पुन्हा भेटलं, म्हणून लिहावंसं वाटलं.