सेलमधला रोबोट आणि पलंगाखालचे दहा सेंटिमीटर

नवरात्र बसली की सेल लागतात आणि सेल लागले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगाडा तोच: ‘केर-लादीचा रोबोट घ्यायची हीच वेळ. जीएसटी उतरलाय, वर सत्तर टक्के सूट. जास्तीत जास्त पास्कलवाला घ्या, बाकी काही बघू नका. बॅटरी मोठी बघा. स्वतःच धुणारा-सुकवणारा डॉक असला की हात लावायला नको. मावशींचा पगार वाचतो, वर्षात पैसे वसूल. स्टॉक संपत आलाय, दिवाळीनंतर हा भाव नाही.’ खाली लिंक. ती कुणाची आणि तिच्यावर कमिशन कुणाला, हे विचारायच्या फंदात कोणी पडत नाही.

रोबोटशी माझं वैर नाही. रोजची बारीक धूळ आणि केस तो मुकाट्याने गोळा करतो, आणि दर दुसऱ्या गल्लीत रिडेव्हलपमेंटचा पत्रा लागलेल्या मुंबईत हे काम लहान नाही. माझं भांडण मेसेजशी आहे. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे.

‘जास्तीत जास्त पास्कल’ आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. पास्कल हे दाबाचं एकक. खोक्यावरचा आकडा साधारणपणे हवेची वाट पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे हवा वाहतच नसताना. शहाळ्याच्या नळीच्या टोकावर बोट दाबून ओढून बघा: गाल आत जातात, ओढ जबरदस्त, पाणी मात्र थेंबभर येत नाही. केर उचलायला ओढ लागते तशी वाहती हवाही लागते. दोन्हींचा गुणाकार कामाला येतो. वायरवाल्या साध्या घरगुती व्हॅक्यूमची ओढही वीस हजार पास्कलच्या आसपास असते, पण त्यामागे हजार-दीड हजार वॅटची मोटर असते. रोबोटात असते १४.४ व्होल्टची, ५२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी. गुणाकार करा: जेमतेम पंचाहत्तर वॅट-तास. एवढ्यात त्याला तास-दीड तास फिरायचं, ब्रश फिरवायचे, वाट शोधणारा लेझर चालवायचा, पाण्याचा पंप चालवायचा. त्याच्याही खोक्यावर ‘२०,०००’ छापलेलं असलं, तरी दोघे एकाच तोलाचे कसे होतील?

शिवाय हा आकडा सगळ्यात जोरदार मोडचा असतो, आणि शेजारी छापलेली ‘१८० मिनिटं’ सगळ्यात हळू मोडची. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, हे खोक्यावर कुठे मोठ्या अक्षरात लिहिलेलं मला तरी दिसलेलं नाही.

आणि मुळात आपल्याकडे जमीन कसली? व्हिट्रिफाइड टाइल, मार्बल, जुन्या इमारतीत मोझॅक. जास्त ओढ कामाला येते ती गालिच्यात रुतलेल्या धुळीसाठी. गुळगुळीत लादीवर तीन-चार हजार पास्कल पुरे होतात. तिथे प्रश्न वेगळाच: बाजूचा ब्रश जोरात फिरला की तांदळाचे दाणे समोर येण्याऐवजी सोफ्याखाली उडतात. ब्रशचा वेग कमी करता येतो का, हे पास्कलच्या आधी विचारा. रोबोट किती केर उचलतो हे मोजायचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयईसी ६२८८५-७. त्याप्रमाणे मोजलेला आकडा विक्रीच्या पानावर क्वचितच दिसतो. पास्कल मात्र ठळक.

‘बाकी काही बघू नका’ म्हणतात तिथेच नेमकं बघायचं असतं. लेझरचा मनोरा डोक्यावर असलेला रोबोट साधारण साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतो. पलंग, दिवाण, टीव्ही युनिट, सगळ्यांखाली पट्टी लावून बघा. बॉक्सचा बेड असेल तर खाली वाटच नाही, पण ज्या पलंगाखाली नऊ सेंटिमीटर आहेत तिथली धूळ जन्मभर तुमच्याच वाट्याला. ज्या जागेसाठी माणूस वाकू शकत नाही म्हणून रोबोट आणायचा, तिथेच तो शिरणार नसेल तर आणायचा कशाला? काही मॉडेलांत मनोरा नसतो किंवा आत बसतो. अशा घरात दहा हजार जादा पास्कलपेक्षा ते दोन सेंटिमीटर मोलाचे.

मग दारातल्या पट्ट्या. मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये किंवा बाथरूमच्या तोंडाशी काळ्या ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची पट्टी असते. रोबोटच्या पोटाला सेन्सर असतात. ते खाली इन्फ्रारेड सोडतात आणि परत आलेल्या प्रकाशावरून जमीन आहे की जिन्याची कड, हे ठरवतात. काळा, चकचकीत दगड तो प्रकाश पुरेसा परत देत नाही. मग रोबोट पट्टीपाशी येतो, थबकतो, मागे सरतो, पुन्हा येतो. त्याच्या समजुतीने पुढे खड्डा आहे. सगळ्यांचंच असं होत नाही, पण तुमच्या पट्टीवर काय होतं हे तुमच्याच घरात कळतं. बहुतेकांची चढण्याची मजल दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. बाथरूमचा उंबरा त्याहून उंच असतो, बाल्कनीचा स्लायडिंगचा रुळही पुष्कळदा. बाल्कनीचं एका परीने बरंच आहे. तिथली कबुतरांची वाळलेली घाण रोबोटने ओढून घरात फिरवावी असं कोणाला वाटेल? ती ओली करून, नाकाला मास्क लावूनच काढावी, फुप्फुसांना वाईट असते.

दिवाळीची गोष्ट दिवाळीतच करून टाकू. दाराशी काढलेली रांगोळी त्याच्या लेखी केरच. जमिनीवर ठेवलेली पणती हा त्याच्या लेखी बाजूला ढकलण्याजोगा अडथळा. चकलीचा तेलकट चुरा ओल्या फडक्याखाली गेला की निघण्याऐवजी हॉलभर पसरतो. तोरणाचा दोरा ब्रशला गुंडाळला की पालथा घालून कात्रीनेच कापावा लागतो. ॲपमध्ये ‘इथे जाऊ नको’ अशी चौकट आखता येते, ती आखा. तरी त्या चार दिवसांत त्याला डॉकवर, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या ठाण्यावर, बसवून ठेवणं सगळ्यात सोपं.

‘बॅटरी मोठी बघा’ या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. साडेचारशे चौरस फुटांचा कार्पेट एरिया म्हणजे बेचाळीस चौरस मीटर. त्यातून पलंग, कपाटं, ओटा, सोफा वजा करा. मिनिटाला एक चौरस मीटर धरला तरी अर्ध्या तासात काम संपतं. तीन हजार फुटांची बॅटरी तीन हजार फुटांचं घर असलेल्यांसाठी. ते लोक सेलची वाट बघत असतील असं वाटत नाही.

आता मावशींचा पगार. हे वाक्य मला सगळ्यात खटकतं, आणि तेही तिच्या दिवाळी बोनसच्या महिन्यात फिरतं. मुंबईत कामाचे दर सुटे असतात: केर-लादी वेगळी, भांडी वेगळी, कपडे वेगळे, डस्टिंग असेल तर त्याचे निराळे. मेसेजवाला हिशोबात अख्खा पगार धरतो आणि रोबोट करतो त्यातलं एक काम, तेही पुरतं नाही. केर-लादी करणारी बाई खुर्च्या सरकवते, पायपुसणी झटकते, चपलांच्या स्टँडमागे हात घालते, गॅसच्या ओट्याखालचा चिकट डाग दिसला की फडकं दाबून घासते, मुलांच्या पेन्सिली उचलून टेबलावर ठेवते. रोबोटसाठी हे सगळं आधी तुम्ही करायचं: चार्जरच्या वायरी वर, चटई गुंडाळून, मोजे गोळा, पडद्याची झालर बांधून. मोरी, जिना, खिडकीचे कठडे हे विषय त्याच्याकडे नाहीतच. आणि केर-लादी काढून घेतली की उरलेल्या भांड्यांसाठी ती त्याच दरात तुमचा जिना चढेल हे गृहीत धरू नका. एका मजल्यावरची दोन-तीन कामं मिळून तिची फेरी परवडते.

खर्चाच्या बाजूला तर मेसेजमध्ये काहीच नाही. धुळीच्या पिशव्या, फिल्टर, मॉपची फडकी, बाजूचे ब्रश हे सगळं संपतं आणि पुन्हा घ्यावं लागतं. लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर दमते. मग रोबोट परवडतो कोणाला? ज्या घरी केर-लादीला कोणी येतच नाही, दोघंही सकाळची लोकल पकडून जातात आणि रात्री नऊला जमिनीवरची धूळ बघून वाद घालतात, त्यांना. कुत्रं-मांजर असलेल्यांना. गुडघ्यांमुळे वाकता न येणाऱ्या आजी-आजोबांना, तेही ॲप चालवून देणारं कोणी घरात असेल तर. अशांनी तो खुशाल घ्यावा, फक्त ‘वर्षात वसूल’च्या आशेवर नाही.

जीएसटीचं वाक्य चुकीचं आहे, एवढंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, मोठे टीव्ही, डिशवॉशर २८ टक्क्यांवरून १८ वर आले, हे खरं. व्हॅक्यूम क्लीनर मात्र जुलै २०१८ मध्येच २८ वरून १८ वर आले होते. २०२५ च्या कपातीत रोबोटच्या वाट्याला काही आलं नाही. ‘सत्तर टक्के’ मोजले जातात एमआरपीवरून. एमआरपीपेक्षा जास्त घेऊ नये एवढं कायदा सांगतो; ती किती फुगवून छापावी यावर बंधन नाही. म्हणून सूट बघू नका, सहा महिन्यांतला भाव बघा. किमतीचा आलेख दाखवणाऱ्या साइट आहेत. सेलमध्ये भाव खरोखर उतरतो, हे मी नाकारत नाही, पण तो सत्तर टक्क्यांनी क्वचितच उतरतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’लाही हेच लागू. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी रक्कम सूट म्हणून आधी वजा करतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते.

डॉकचं आकर्षण मी समजू शकतो. मॉप स्वतः धुऊन गरम हवेने सुकवणारा डॉक मुंबईच्या पावसाळ्यात खरंच उपयोगी आहे. जुलैत ओलं फडकं तसंच राहिलं की दुसऱ्या दिवशी लादीला कुबट वास येतो, आणि नुसतं फडकं ओढत नेणाऱ्या स्वस्त मॉडेलांचं नेमकं हेच होतं. पण ‘हात लावायला नको’? स्वच्छ पाण्याची टाकी भरायची आणि घाण पाण्याची ओतायची कोणी? ते गढूळ पाणी दोन दिवस तसंच राहिलं तर पावसाळ्यात झाकण उघडवत नाही. डॉकचा तळ घासावा लागतो, तिथे केस आणि गाळ साचतो. फिनेल तर टाकीत ओतूच नका. कंपनीने सांगितलेलं द्रावणच घाला, नाहीतर पंप आणि वॉरंटी दोन्ही जायची. पालिकेचं तलावांचं पाणी तसं मऊ, पण तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर क्षार नळ्यांत बसतात; टाकी पिण्याच्या नळाखालीच भरा. मग जागा: भिंतीला टेकून, प्लगपाशी, समोर मीटर-दीड मीटर मोकळं. वन बीएचकेमध्ये अशी जागा बहुधा फ्रिजने किंवा चपलांच्या स्टँडने आधीच घेतलेली असते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. अडथळे ओळखण्यासाठी कॅमेरा असलेला रोबोट हुशार असतो, पण तो घरभर फिरणारा कॅमेरा आहे. चाचणीसाठी दिलेल्या रूम्बा या आयरोबोट कंपनीच्या रोबोटांनी टिपलेले घरांच्या आतले फोटो, त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका बाईचाही, बाहेर फुटल्याचं २०२२ मध्ये छापून आलं. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स या कंपनीचे काही रोबोट हॅक होऊन घरच्यांना शिव्या देत फिरले. लहान घरात लेझरवर भागत असेल तर मी कॅमेरा घेणार नाही.

राहिला ‘स्टॉक संपत आलाय’. खोटी घाई निर्माण करणं हे २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नोंदलेलं आहे. तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. सव्वीस जानेवारीला पुन्हा सेल येतो, आणि नवं मॉडेल आलं की जुनं आपसूक उतरतं. नाव मोठं म्हणून निर्धास्त राहायचेही दिवस गेले. २००२ मध्ये रूम्बा बाजारात आणणाऱ्या आयरोबोटने डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणाचा अर्ज केला. ॲपवर चालणाऱ्या यंत्रामागे कंपनी उभी राहणार की नाही, हाही किमतीचाच भाग झाला.

पसंत पडलाच तर परत करायची मुदत संपायच्या आत त्याला पलंगाखाली, काळ्या पट्टीवर, आरशाच्या कपाटासमोर फिरवून घ्या. आरशात त्याला कधी कधी एक जादा खोली दिसते. खोकं तोवर माळ्यावर राहू द्या. वॉरंटी कार्डात बॅटरी आणि ब्रशची ओळ वेगळी वाचा, बहुतेकदा त्यांची मुदत यंत्रापेक्षा कमी असते. आणि ऑर्डर करण्याआधी सर्व्हिसच्या नंबरवर फोन लावून विचारा: मुंबईत दुरुस्ती घरी येऊन करता की कुरिअरने बंगळुरूला पाठवायला लावता, बाजूचा ब्रश केवढ्याला आणि तो आज शिल्लक आहे का. सेलच्या गर्दीत तो फोन कोणी उचलत नसेल, तर वॉरंटीच्या काळातही तोच नंबर तुमच्या वाट्याला येणार आहे.