‘सहा तास लागतात, फसवणूक आहे’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

रविवारच्या लग्नात तुमची पंचाईत झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. वरात दारात आली आहे, मुलाकडचे मामा ‘ड्रोन उडवा, ड्रोन उडवा’ म्हणून मागे लागलेत आणि बॅटरी अर्ध्यावर आहे, म्हणजे काय होत असेल हे मी समजू शकतो. आमच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं लग्नाची शूटिंग करणारीच आहेत.

आता तुमच्या एका स्टारबद्दल. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून घेतलेल्या तीन स्लॉटच्या हबला (ड्रोनच्या बॅटऱ्या बसवून चार्ज करायचा डबा) तीन बॅटऱ्या भरायला सहा तास लागतात, तो तिन्ही एकदम चार्ज करत नाही, त्याच पैशात शेजारच्या दुकानात चार बॅटऱ्या एकदम भरणारा चार्जर मिळतो, ऑनलाइन हाच हब ४०० रुपयांनी स्वस्त आहे, आणि मी शटर पाडायच्या घाईत तो तुमच्या गळ्यात मारला. खाली ‘लॅमिंग्टन रोडवर सगळे असेच’ हेही आहे. बाकीचं मी एक वेळ गिळलं असतं. सहा तासांचं मात्र गिळवत नाही, कारण ते सहा तास हबचे नाहीत.

तुमचा ड्रोन डीजेआयचा मिनी २. त्याची बॅटरी २२५० एमएएचची, ७.७ व्होल्टची, म्हणजे १७.३२ वॅट-अवर, एका बॅटरीत एवढी वीज मावते. हे बॅटरीच्या अंगावरच छापलेलं असतं, जरा तिरपी धरली की दिसतं. तीन बॅटऱ्या मिळून ५२ वॅट-अवर झाले. आता हे ५२ भरायचे कुठून? हबमध्ये वीज तयार होत नाही, ती भिंतीवरच्या अडॅप्टरमधून येते. शनिवारी मी तुम्हाला हबबरोबर १८ वॅटचा अडॅप्टर काढून दिला होता, ६५० रुपयांचा. तुम्ही तो हातात घेतलात, उलटा करून बघितलात आणि काउंटरवर ठेवून म्हणालात, ‘घरी ड्रॉवरभर चार्जर पडलेत, हा कशाला?’ मी म्हटलं, घरचे फोनचे असतील, ते चालतील पण वेळ लागेल. तुम्ही म्हणालात, ‘रात्रभर लावतो की.’

सोमवारी तुमचा फोन आला तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, की अडॅप्टर कुठला लावलात. तुम्ही वाचून दाखवलंत: ५ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे १० वॅट. ५२ भागिले १० करा. पाच तासांच्या वर गेलं, आणि वाटेत जे वाया जातं, गरम होण्यात जातं, ते धरलं की सहा. तुमचा हब बरोबर चालतोय साहेब. दिलेल्या विजेत जेवढं होणार तेवढंच त्याने केलं.

फोन ठेवल्यावरही मला चैन पडेना. दुकानात तसाच दुसरा हब होता, तो काउंटरवर लावला आणि मध्ये यूएसबी मीटर घातला. जुन्या फोनच्या अडॅप्टरवर मीटर ५.१ व्होल्ट आणि १.९ अँपिअर दाखवत होता. अडॅप्टर बदलून १८ वॅटचा लावला तसे व्होल्ट उडी मारून ९ वर गेले. अँपिअर जवळपास तेवढेच राहिले, पण वॅट १७ च्या आसपास. हब तोच, केबल तीच. फोटो काढून ठेवलेत, तुम्हाला हवे असतील तर पाठवतो. १८ वॅटवर तीन बॅटऱ्यांना चार तासांच्या आसपास लागतात, हे मी तुम्हाला शनिवारीच सांगितलं होतं. बॅटरी भरत आली की शेवटी शेवटी ती हळू घेते, त्यामुळे नुसत्या भागाकारापेक्षा थोडा वेळ जास्तच धरायचा. आणि उद्या कोणी ६५ वॅटचा लॅपटॉपचा अडॅप्टर लावला म्हणून त्या वेगाने भरेल असंही नाही. बॅटरीला पचेल तेवढंच ती घेते.

तिन्ही एकदम का भरत नाही, तर हा हब बनवलाच तसा आहे. तो एकामागून एक भरतो, आणि ज्या बॅटरीत आधीच जास्त चार्ज आहे तिला आधी घेतो. लोकांना हे उलटं वाटतं. पण विचार करा, तिन्हीत थोडं थोडं घालत बसला तर दोन तासांनी तुमच्या हातात तीन अर्ध्या बॅटऱ्या येतील. या पद्धतीत एक तरी पूर्ण भरलेली मिळते, ती घेऊन तुम्ही उडवायला जाऊ शकता, बाकीच्या मागे भरत राहतात. शूटिंगवाल्याला हे सोयीचं आहे असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

शेजारच्या दुकानातल्या चार्जरबद्दल. ते आमचे जुने शेजारी आहेत, त्यांच्या मालाला मी नाव ठेवणार नाही. पण तुम्ही जो बघितलात तो पॅरलल बोर्ड आहे, म्हणजे एकाच चार्जरला अनेक बॅटऱ्या एकत्र जोडायची पट्टी, रेसिंगचे आणि स्वतः जोडलेले ड्रोन उडवणारी मुलं वापरतात तो. त्याला एक्सटी६० कनेक्टर आणि बाजूला बॅलन्सच्या, म्हणजे बॅटरीतले सगळे सेल सारखे भरायच्या, पांढऱ्या पिना असतात. तुमच्या मिनीच्या बॅटरीला तसली वायरच नाही, लावणार कुठे? आणि ज्यांच्याकडे तशा बॅटऱ्या आहेत त्यांनाही मी दोनदा विचारूनच तो बोर्ड देतो. सगळ्या बॅटऱ्या सारख्या सेलच्या लागतात, आणि लावताना सगळ्यांचे व्होल्ट जवळजवळ सारखे लागतात. तीन सेलची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची, चार सेलची १६.८ ची. या दोन चुकून एका बोर्डावर आल्या की चार्जर चालू करायच्या आधीच एकीतला करंट दुसरीत धडाधड जातो. बोर्डावर फ्यूज असला तर फ्यूज उडतो. नसला तर काय होतं ते सांगायला नको, लिथियम आहे, पेट घेतं.

शिवाय ‘चार एकदम’ म्हटलं की वेळ वाचतो असंही नाही. तीन सेलच्या २२०० एमएएचच्या चार बॅटऱ्या तासाभरात भरायच्या तर ११० वॅट लागतात. स्वस्तातला चार्जर बहुतेक ५० नाहीतर ८० वॅटचा असतो. चार प्लग दिसतात, ताकद दोनच बॅटऱ्यांची. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की आधी वॅट बघा, मग किती बॅटऱ्या लागतात ते बघा, आणि किंमत सगळ्यात शेवटी. तुम्ही किमतीपासून सुरुवात केलीत. तो तुमचा हक्क आहे.

किमतीचं थोडक्यात सांगतो. ऑनलाइन ४०० रुपये कमी दिसत असतील, खोटं नाही. माझ्या भावात १८ टक्के जीएसटी आहे, दुकानाचं भाडं आहे, आणि सोमवारी तुमचा फोन उचलून तुमच्याशी बोलणारा माणूस आहे. शनिवारी तुम्हीच म्हणालात, ‘बिल नको, तेवढे कमी करा.’ मी केले नाहीत, बिल दिलं, कारण उद्या वॉरंटी मागायला आलात तर मला कंपनीकडे कागद दाखवावा लागतो. त्या बिलाच्या मागे पेनने ‘१८ वॅट’ लिहून खाली रेघ मारली आहे, ती माझीच. बिल ठेवलं असेल तर उलटून बघा.

घाईचा मुद्दा. आमचं दुकान आठला बंद होतं. तुम्ही डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला आलात, उशीर झाला, समजण्यासारखं आहे. शटर अर्धं खाली होतं हेही खरं. पण ते वर केलं कोणी? पोऱ्या घरी जायला निघाला होता, त्याला थांबवून मीच करायला लावलं, कारण दुसऱ्या दिवशी लग्न आहे म्हणालात आणि रविवारी आमच्याकडे बहुतेक दुकानं बंद असतात. त्यानंतर भावावरून जी चर्चा झाली ती घाईत झाली असं मला तरी आठवत नाही. गळ्यात मारायचंच असतं तर मी ६५० चा अडॅप्टरही मारला असता.

अजून एक, मधल्या बॅटरीचं. ‘दिवा लुकलुकून बंद पडला, मधला स्लॉट खराब आहे’ असं तुम्ही लिहिलंय. फोनवर तुम्हीच सांगितलंत की दुपारी उन्हात उडवून ड्रोन खाली आणला आणि बॅटरी काढून तशीच हबमध्ये घातली. या बॅटऱ्या ५ ते ४० अंशांच्या दरम्यानच चार्ज होतात. उडून आलेली बॅटरी हाताला चटका देईल इतकी तापलेली असते, त्यात आपली मुंबईची दमट हवा. ती थंड होईपर्यंत चार्ज घेत नाही, आणि ते तिच्याच भल्यासाठी आहे. सावलीत अर्धा तास ठेवायची, मग लावायची. गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. लगेच थंड व्हावी म्हणून एकाने ती आइसबॉक्समध्ये ठेवली होती, तेही करू नका, आत पाणी धरतं.

इतकं लांबलचक लिहायचं कारण सांगतो. माझ्या वडिलांनी या रस्त्यावर रेडिओचे कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह विकले, तेव्हा तक्रार असली की माणूस पायरी चढून यायचा, दोन शब्द बोलायचा, चहा पिऊन जायचा. आता तक्रार आधी मोबाईलवर जाते. परवा एक मुलगा पायरीशी उभा राहून फोनवर काहीतरी वाचत होता. मान वर करून आमच्या बोर्डाकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं आणि पुढच्या दुकानात गेला. तुमचाच रिव्ह्यू वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण सध्या सगळ्यात वर तोच दिसतो. ‘महाग’ म्हणा, ‘उशीर झाला’ म्हणा, चालेल. ‘फसवणूक’ हा शब्द या दुकानाला अजून कोणी लावला नव्हता.

सुधारणेचं म्हणाल तर हबच्या शेल्फपाशी अडॅप्टरबद्दल काहीतरी लिहून लावायचा विचार चालू आहे, पोऱ्यालाही सांगितलंय. बघू, या आठवड्यात जमवतो.

तुमच्यासाठी एवढं करू शकतो. सोमवार ते शनिवार केव्हाही या, तुमच्याच हबवर, तुमच्याच बॅटऱ्यांवर मीटर लावून दाखवतो. १८ वॅटवरही पाच तासांच्या वर गेला तर हब त्याच दिवशी बदलून देईन. अडॅप्टर घ्यायचाच असेल तर ६५० ऐवजी ६०० ला लावतो, त्याहून खाली मला परवडत नाही. बॉक्स फाडला असेल तरी हरकत नाही. केबल मात्र आठवणीने आणा, बारीक केबलनेही वॅट पडतात आणि मग पुन्हा नाव हबचं येतं.